अवयव एकही सापडला नाही, तरी संख्या संयुक्त कशावरून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्याकडे ३०० अंकी एक संख्या आहे. दहा लाखांपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलंत, एकीनेही भाग गेला नाही. प्रोग्रामला विचारलं तर तो क्षणात ‘संयुक्त’ म्हणतो, पण अवयव मागितले की रात्रभर चालूनही हाती काही देत नाही. मग त्याचं ‘संयुक्त’ हे उत्तर पक्कं धरायचं की तो नुसता अंदाज आहे? आणि पक्कं असेल तर विभाजक किती, ऑयलरचं फाय (संख्येपेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ अशा संख्या) किती, हे गुणधर्म कसे काढायचे? (१ सोडून सामाईक अवयव नसलेल्या दोन संख्या म्हणजे सहमूळ.)

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. प्रोग्राम नीट लिहिलेला असेल तर ‘संयुक्त’ हे उत्तर शंभर टक्के पक्कं असतं. शंका घ्यायचीच तर तो ‘मूळ’ म्हणतो तेव्हा घ्यावी. बहुतेकांचा समज नेमका उलटा असतो, कारण शाळेत संयुक्त म्हणजे ‘हे बघ, सातने भाग जातो’ असंच शिकवलेलं असतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र तुम्हाला फारसं आवडणार नाही. त्यातले बरेचसे गुणधर्म अवयवांशिवाय मिळतच नाहीत.

आधी पहिलं. प ही मूळ संख्या असेल आणि तिने अ या संख्येला भाग जात नसेल, तर अ^(प−१) ला प ने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे (^ ही खूण घातासाठी). हा फर्माचा छोटा सिद्धांत. याला अपवाद नाही. म्हणजे एखाद्या संख्येच्या बाबतीत बाकी १ सोडून दुसरं काहीही आली, की ती संख्या मूळ नाही हे सिद्ध झालं. अवयव कोणते, याचा इथे संबंधच आला नाही.

९१ घेऊन हातानेच करून बघा. २^६ म्हणजे ६४. २^१२ म्हणजे ४०९६, आणि ९१ × ४५ = ४०९५, म्हणून बाकी १. मग २^८४ ची बाकीही १, कारण ८४ ही १२ ची सातपट आहे. उरले सहा घात: २^९० ची बाकी ६४. ९१ मूळ असती तर ती १ यायला हवी होती. प्रकरण मिटलं, ९१ संयुक्त. या हिशेबात ७ आणि १३ कुठेही दिसले नाहीत. तुमच्या प्रोग्रामने ३०० अंकी संख्येवर हेच केलं. घात प्रचंड असला तरी वर्ग करत जायचं आणि प्रत्येक पायरीला बाकी तेवढी ठेवायची, असं केलं की हजारेक वर्गांत काम होतं. संगणकाला त्यासाठी डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

आता पाया (जिचा घात करतो ती संख्या) २ ऐवजी ३ घ्या. ३^६ = ७२९ = ९१ × ८ + १. म्हणजे बाकी १, आणि ९० ही ६ च्या पटीत असल्याने ३^९० ची बाकीही १. तीनच्या पायावर ९१ खुशाल मूळ असल्याचा आव आणते. म्हणून ‘मूळ’ हे उत्तर एका पायावर विसंबून घ्यायचं नसतं. एक पाया नापास करतो तेव्हा मात्र बाकी कितीही पाये पास करोत, निकाल बदलत नाही.

५६१ सारख्या काही संख्या याहून लबाड असतात. ५६१ = ३ × ११ × १७. तिच्याशी सहमूळ असा कुठलाही पाया घ्या, बाकी १ च येते. यांना कार्मायकल संख्या म्हणतात, आणि त्या अनंत आहेत हे १९९४ साली सिद्ध झालं. म्हणून आजचे प्रोग्राम नुसती फर्माची चाचणी करत नाहीत, मिलर-राबिनची करतात. तिच्यात ५६० हा घात एका दमात चढवायचा नाही. ५६० = १६ × ३५, म्हणून आधी २^३५ ची बाकी काढायची (ती २६३ येते) आणि मग तिचा वर्ग करत जायचं: १६६, ६७, १. इथे थांबा. ६७ चा वर्ग केल्यावर बाकी १ आली, पण ६७ ही स्वतः १ नाही आणि −१ (म्हणजे इथे ५६०) ही नाही. मूळ संख्येच्या बाबतीत असं होऊच शकत नाही. म्हणजे ५६१ पकडली गेली. इतकंच नाही, ६६ आणि ५६१ चा मसावि काढा: ३३. ६८ आणि ५६१ चा काढा: १७. अवयवही हातात पडले.

हे पाहून लोक हुरळतात आणि विचारतात, मग माझ्या संख्येचे अवयव असेच का पडत नाहीत? कारण ही युक्ती चालायला वर्ग करताकरता बाकी १ पर्यंत पोचावी लागते. सर्वसाधारण मोठी संयुक्त संख्या फर्माच्या चाचणीतच नापास होते. शेवटी ३०० अंकी कसलीतरी बाकी उरते, आणि ती बाकी ‘मूळ नाही’ यापलीकडे काही सांगत नाही.

हे नवं नाही. २^६७ − १ मूळ नाही हे लुकासने १८७६ साली दाखवलं, अवयव न देता. ते कोलने १९०३ साली दिले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. मधे सत्तावीस वर्षं गेली. फर्मा संख्यांमध्ये (२^(२^न) + १ या रूपाच्या) विसावी संयुक्त असल्याचं १९८७ साली आणि चोविसावी संयुक्त असल्याचं १९९९ साली सिद्ध झालं. चोविसावी पन्नास लाखांहून जास्त अंकांची आहे. दोघींचाही एकसुद्धा अवयव अजून माहीत नाही. चोविसाव्या संख्येचा हिशेब वेगवेगळ्या यंत्रांवर स्वतंत्रपणे चालवून शेवटची बाकी जुळवून पाहिली होती, कारण एवढ्या लांब आकडेमोडीत गणितापेक्षा यंत्र चुकण्याची भीती जास्त.

तुमच्या प्रोग्रामवर भरवसा नसेल तर त्याचीच परीक्षा घ्या. २^१२७९ − १ ही ३८६ अंकी संख्या मूळ आहे, हे १९५२ पासून माहीत आहे. तिच्याच शेजारची २^१२७७ − १ ही ३८५ अंकी संख्या संयुक्त आहे आणि तिचा एकही अवयव अजून सापडलेला नाही. दोन्ही प्रोग्रामला द्या. यात एक मेख आहे: फक्त २ हाच पाया वापरणारा प्रोग्राम दुसऱ्या संख्येला ‘मूळ’ म्हणून मोकळा होईल. मूळ घातांकाच्या सगळ्या मर्सेन संख्या (२^न − १ या रूपाच्या) २ च्या पायावर पास होतात, फर्माच्या चाचणीत आणि मिलर-राबिनच्याही. तुमचा प्रोग्राम तिथे फसला तर तो बदला. मी कुठलंही नवं साधन हाती घेतलं की आधी ही जोडी चालवून बघतो.

‘दहा लाखांपर्यंत अवयव नाही’ याला तुम्ही जरा जास्तच महत्त्व देताय. यदृच्छेने निवडलेल्या संख्यांपैकी सुमारे चार टक्के संख्यांना दहा लाखांखाली अवयव नसतो. ३०० अंकांच्या आसपास साधारण ६९० संख्यांमागे एक मूळ असते. दोन्ही आकडे एकत्र मांडले तर दहा लाखांच्या चाळणीतून वाचलेल्या २८ संख्यांपैकी जेमतेम एक मूळ निघते. उरलेल्या सत्तावीस तुमच्यासारख्याच, अवयव पोटात लपवून बसलेल्या.

आता गुणधर्मांकडे. अवयव माहीत नसताना काय काढता येतं? कुठल्याही छोट्या संख्येने भागल्यावरची बाकी. पूर्ण वर्ग, पूर्ण घन किंवा आणखी वरचा पूर्ण घात आहे का, हेही चटकन कळतं. तुमचं भागून पाहिलेलं इथे कामी येतं. प्रत्येक मूळ अवयव दहा लाखांपेक्षा मोठा आहे, म्हणून ३०० अंकी संख्येत ते जास्तीत जास्त ४९ असू शकतात. घातमुळं ४७ व्यापर्यंत, तीही फक्त मूळ घातांकांची, तपासली की पुरे. मूळ अवयव किती असावेत याचा अंदाजही बांधता येतो: दहा लाखांपलीकडचे सरासरी चारच्या आसपास. अंदाज म्हणजे अंदाज, ते दोन असतील किंवा सातही.

विभाजकांची संख्या, विभाजकांची बेरीज, फाय, मूळ अवयवांची संख्या सम की विषम, हे काही यात येत नाही. एखाद्या मूळ संख्येच्या वर्गाने भाग जातो का, एवढा साधा वाटणारा प्रश्नसुद्धा अवयव न काढता सोडवायची सर्वसाधारण जलद पद्धत आजवर कुणाला सापडलेली नाही. पूर्ण वर्ग ओळखणं सोपं, पण प × प × फ अशी रचना ओळखणं अवघड, हा फरक पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खटकतोच.

फायबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ते काढायचं ‘सूत्र’ मला वरचेवर विचारलं जातं. ९१ चं फाय ७२ आहे, म्हणजे ९१ पेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ अशा ७२ संख्या आहेत. समजा हे ७२ तुम्हाला कुणी आयतं सांगितलं आणि अवयव दोनच आहेत हेही सांगितलं. तर अवयवांची बेरीज ९१ − ७२ + १ = २०, गुणाकार ९१. शाळेतलं वर्गसमीकरण सोडवा, ७ आणि १३ मिळतात. अवयव दोनापेक्षा जास्त असले तरी फाय हाती आलं की वर ५६१ ला लावलेल्या युक्तीने ते फोडता येतात. थोडक्यात, फाय काढण्याची सोपी वाट सापडली तर अवयव पाडण्याचीही सोपी वाट सापडली. आरएसए ही कूटपद्धत याच अडचणीच्या भरवशावर उभी आहे. त्यामुळे अवयव टाळून फाय देणारं सूत्र कुणी दाखवलं, तर पाच-सहा अंकी संख्यांवर न भुलता १०० अंकी संख्येवर चालवून मागा.

मग अवयव काढायचे कसे? इथून पुढे सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे, आणि ती तुम्ही लिहिलेली नाही: ही संख्या आली कुठून?

ती अ^न ± १ अशा रूपाची असेल तर अर्धी लढाई सोपी होते. २^६७ − १ चा प्रत्येक मूळ अवयव १३४ च्या पटीपेक्षा एकने जास्त असलाच पाहिजे. १९३७०७७२१ = १३४ × १४४५५८० + १, करून बघा. पाचवी फर्मा संख्या ४,२९,४९,६७,२९७ ऑयलरने १७३२ मध्ये फोडली तीही अशाच वाटेने: तिचे अवयव ६४ च्या पटीपेक्षा एकने जास्त असतात, आणि १० × ६४ + १ = ६४१. याउलट, कुणी मुद्दाम दीडदीडशे अंकी दोन मूळ संख्या निवडून गुणलेली संख्या असेल, तर नाद सोडा. अशा प्रकारातली २५० अंकी संख्या २०२० साली फुटली, तिला सुमारे २,७०० कोअर-वर्षं लागली. म्हणजे संगणकाचा एकच कोअर राबवला असता तर २,७०० वर्षं. ३०० अंकी त्याच्या कितीतरी पुढची गोष्ट.

संख्या यदृच्छेने आलेली असेल तर मात्र आशा आहे. दहा लाखांपर्यंत अवयव नसलेल्या अशा संख्येला ३० अंकांपर्यंतचा एखादा अवयव असण्याची शक्यता पाचात चार. तिथवर काही मिळालं नाही, तर ३० ते ४० अंकांमध्ये मिळण्याची शक्यता चारात एक. पुढे शक्यता हळूहळू घटते आणि खर्च भराभर वाढतो.

मी आधी पोलार्डची प−१ पद्धत लावतो, कारण ती स्वस्त आहे. तिचं मर्म २^६७ − १ वरच दाखवतो. पहिल्या अवयवातून एक वजा केला तर १९३७०७७२० = २^३ × ३^३ × ५ × ६७ × २६७७. सगळे तुकडे ३,००० च्या आत. म्हणून १ ते ३,००० चा लसावि घातांक म्हणून घ्यायचा, ३ चा तेवढा घात करायचा (अर्थात २^६७ − १ ने भागून बाकी ठेवत), एक वजा करायचा आणि २^६७ − १ शी मसावि काढायचा. १९३७०७७२१ समोर येते. दुसऱ्या अवयवातून एक वजा केला तर २ × ३^२ × २९ × ६७ × २५५१ × ८५३९ उरतात. ८५३९ हा ३,००० च्या बाहेर आहे, म्हणून तो अवयव मागे राहतो आणि दोघे वेगळे होतात. ज्या गुणाकाराला सत्तावीस वर्षं वाट पाहावी लागली तो आज एवढ्यात होतो. पाया मात्र २ घेऊ नका, इथेही तो दगा देतो.

या पद्धतीचा दोष उघड आहे: प−१ चे तुकडे लहान निघाले नाहीत, तर सगळं व्यर्थ. लेन्स्ट्राने १९८७ साली मांडलेल्या लंबवर्तुळी वक्रांच्या पद्धतीत नेमकी हीच अडचण दूर केली आहे. दर नव्या वक्राबरोबर प−१ च्या जागी प च्या जवळपासची दुसरी एखादी संख्या येते. एकीचे तुकडे मोठे निघाले, तर पुढचा वक्र. लॉटरीची तिकिटं काढत राहावीत तसं, पण इथे किती तिकिटांमागे कुठल्या आकाराचा अवयव लागावा याचे तक्ते तयार आहेत. या पद्धतीचा वेळ मुख्यतः लपलेल्या अवयवाच्या आकारावर ठरतो, तुमच्या संख्येच्या आकारावर फारसा नाही. म्हणून ३०० अंकी संख्येवरही ती चालवण्यात अर्थ आहे. घरच्या संगणकावर ३० अंकी अवयव आरामात मिळावा, ४० अंकीही चिकाटीने मिळतो, ५० च्या पुढे जायचं की नाही ते तुमच्या हौसेवर आणि विजेच्या बिलावर.

अवयव मिळाला की लगेच पुढच्या वक्राकडे धावू नका. त्याने भागा आणि उरलेल्या भागाला आधी मूळ-चाचणी लावा. कित्येकदा तोच मूळ निघतो आणि काम संपतं, हे न बघता लोक दिवसचे दिवस मूळ संख्येचे अवयव शोधत बसतात. उरलेला भाग संयुक्त पण १०० अंकांच्या आसपास असेल तर वर्ग-चाळणीची पद्धत लावा, काही तासांत निकाल लागेल. चाचणीने ‘मूळ’ म्हटलं आणि तुम्हाला सिद्धता हवी असेल, तर लंबवर्तुळी वक्रांवरचीच मूळत्व-सिद्धतेची पद्धत वापरा. ३०० अंकांपर्यंत ती सहज चालते. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी दिलेली पद्धत सिद्धांत म्हणून फार मोठी आहे, पण रोजच्या कामात ती संथ पडते, म्हणून कुणी वापरत नाही.

एक वास्तव मात्र आधीच सांगून ठेवतो. यदृच्छेने घेतलेल्या ३०० अंकी संख्येतला सर्वात मोठा मूळ अवयव सरासरीने १८७ अंकांचा आणि दुसऱ्या क्रमांकाचा ६३ अंकांच्या आसपासचा असतो. संख्या पूर्ण फुटायची तर हा दुसरासुद्धा जाळ्यात यावा लागतो, आणि ६० अंकी अवयव घरी बसून मिळवणं हे नशिबाचं काम. म्हणजे एखाददुसरा अवयव मिळेल, पूर्ण फोड कदाचित नाही. तसं झालं तर विभाजकांची नेमकी संख्या आणि फाय दोन्ही अडलेलीच राहतील, आणि कुठे लिहायचंच असेल तर सापडलेले अवयव, उरलेला संयुक्त भाग आणि त्यावर किती आकारापर्यंत किती वक्र चालवले, एवढं नोंदवायचं. पुढे कुणी हात घातला तर त्याला तिथून सुरुवात करता येते.

तेव्हा संख्या कुठून आली ते आधी कळवा. एखाद्या सूत्रातून आली असेल तर ते सूत्र द्या. अवयवांचं रूप त्यावरून निघत असेल, तर वक्र चालवण्याआधी तेवढाच शोध घेणं स्वस्त पडेल.